आत्याचं काळं कार्ड

१२ जून

चि. टिल्लू,

आशीर्वाद आहेत, पण या खेपेला हात राखून देते आहे.

तुझे काका जाऊन महिना झाला. भेटायला येणारी माणसं थांबली, म्हणून आता लिहायला बसले. फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस आणि विषय बदलतोस. कागदावर मात्र उत्तर द्यावं लागतं. उभा जन्म कोर्टात साक्षी टाइप करण्यात गेला, तेवढं मला कळतं.

झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. आता सलग वाच. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. ह्यांना ठेवलं होतं त्या विभागात घरच्यांना मुक्काम करू देत नव्हते. तुमच्या कंपनीचं हॉटेल बरोबर हॉस्पिटलसमोर, म्हणून तू तुझ्या नावावर मला तिथे खोली घेऊन दिलीस, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना जो सवलतीचा दर असतो त्यात. उपकार झाले. पलंगावर बसलं की ह्यांच्या मजल्याच्या खिडक्या दिसायच्या. मी ह्यांना सांगून ठेवलं होतं, काही वाटलं तर नर्सला बोलवा, मी समोरच आहे, रस्ता ओलांडला की आले.

आणि एका संध्याकाळी परतले तर खोलीचं दार उघडेना. खाली काउंटरवर गेले. तिथे गालावर तीळ असलेली एक मुलगी असते. तिने माझी बॅग आधीच खाली आणून ठेवली होती, वर छत्री नीट आडवी. म्हणाली, हॉटेल पूर्ण भरलंय, तुमची खोली आजपासून पुढे वाढवता येत नाही, पुलापलीकडच्या हॉटेलात तुमची सोय केली आहे, पैसे आमचे, टॅक्सीही आमची. मी म्हटलं, बाई, माझा नवरा समोर पडलाय. तिने मान खाली घातली आणि टॅक्सी बोलावली. मी भांडले नाही. तुझ्या कंपनीचं हॉटेल, तुझ्या नावाची खोली, तुला खाली बघायला नको म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

सकाळी हॉस्पिटलातून फोन आला, लगेच या. पुलावर कामावर जाणाऱ्यांची ही गर्दी. पोहोचले तेव्हा ह्यांच्या पलंगावरची चादरसुद्धा काढून झाली होती. नर्सने सांगितलं, काकांनी दोनदा विचारलं, ती समोरच आहे ना? तिने हो सांगितलं. तिला तरी काय माहीत.

माझी खोली कुणाला दिली? मला त्या माणसाचं नाव हवं आहे. पुढचं मी बघेन.

तुझी आत्या

*

२० जून

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. बाबांना ते वाचून दाखवलेलं नाही. आई गेल्यापासून ते माझ्याकडे आहेत खरे, पण फार हळवे झालेत. तू वेळेवर पोहोचू शकली नाहीस एवढंच त्यांना माहीत आहे. खोलीचं काही सांगितलं नाही, सांगवत नाही.

तू विचारलंस म्हणून नियम सांगतो. प्रत्येक हॉटेल असतात त्यापेक्षा चार खोल्या जास्तच विकतं, कारण काही लोक येतच नाहीत. कधी सगळेच येतात. मग कुणाला तरी दुसरीकडे पाठवावं लागतं. आम्ही याला पाहुण्याला वॉक करणं म्हणतो. पण ज्यांच्याकडे कंपनीचं कार्ड आहे त्यांना पाठवता येत नाही. जो वर्षभर आमच्याकडे जास्त रात्री राहतो त्याला आधी चंदेरी, मग सोनेरी आणि सगळ्यात वर काळं कार्ड मिळतं. सोनेरीपासून पुढे हमखास खोली असते. त्याने दोन दिवस आधी कळवलं, की हॉटेल भरलेलं असलं तरी त्याला खोली द्यायचीच.

त्या दिवशी असे एक सोनेरीवाले आले. नाव सांगितलं तर माझी नोकरी जाईल. हॉस्पिटलांना यंत्रं विकतात, त्या हॉटेलात महिन्यातून आठवडाभर असतातच. त्यांनी त्या दिवशी हमखास खोलीचा हट्ट धरला नसता तर हे घडलं नसतं. खरं सांगू, मलाही त्या माणसाचा संताप येतो. पण तो नियमात बसतो आणि आपल्या हातात काही नाही.

तू थोडे दिवस इकडे ये. बाबा रोज विचारतात, अक्का कधी येणार.

तुझा,
टिल्लू

*

१ जुलै

चि. टिल्लू,

नियम कळला. म्हणजे बसमधून जो रोज जातो त्याला बसायला जागा, आणि ज्याचा पाय मोडलाय त्याने उभं राहायचं. वर पुन्हा कंडक्टरने हात जोडून सांगायचं, काय करू, हे रोजचे आहेत.

तू म्हणशील, ते जास्त देतात म्हणून त्यांना जास्त मिळतं. कोण देतं? त्याच्या रात्रींचे पैसे त्याची कंपनी भरते, कार्डावर नाव मात्र ह्याचं. आयत्या पिठावर रेघोट्या. आणि माझ्या नवऱ्याने जन्मभर लोकांची शिलाई मशीन दुरुस्त केली, एक दिवस हॉटेलात राहिला नाही, म्हणून त्याच्या बायकोला रस्त्यापलीकडे राहायचा हक्क नाही. एखाद्याला फळांची टोपली द्या, मोठी खोली द्या, गादीवर गादी घाला, माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्याच्या अंगाखालची गादी ओढून देता, त्याला बक्षीस म्हणू नका.

नाव नको सांगूस. यंत्रं विकतो, महिन्यातून आठवडाभर येतो, एवढ्यावर मी त्याला शोधेन. मला फक्त एक सांग. सोनेरीच्या वर काळं आहे ना? मग काळ्या कार्डवाला आला आणि खोली शिल्लक नसली, तर सोनेरीवाल्याला उठवता की नाही?

आत्या

*

११ जुलै

ती. आत्या,

नमस्कार. तुझा प्रश्न दोनदा वाचला. काळ्या कार्डापुढे कुणाचं काही चालत नाही, हे खरं आहे. मालक आला तरी एक वेळ थांबेल, पण काळं कार्ड थांबत नाही. पण ते कार्ड मिळवायला माणसाला वर्षातले निम्मे दिवस हॉटेलात काढावे लागतात. तू घर सोडून कुठे जाणार?

त्या माणसाला मनसोक्त शिव्या घाल, मी ऐकतो. पण नादी लागू नकोस. काकांना हे आवडलं नसतं.

टिल्लू

*

२३ नोव्हेंबर

चि. टिल्लू,

काकांना काय आवडलं असतं ते मला विचार, मला सांगू नकोस.

तुझ्या बापाला मी "देवळं बघत हिंडते आहे" असं कळवलंय, तेवढं सांभाळून घे. मी ह्यांचं दुकान विकलं. ऑगस्टपासून तुमच्या त्या हॉटेलात राहते आहे. खोली त्याच बाजूची मागून घेतली. पलंगावर बसलं की तो मजला दिसतो. कोणत्या खिडकीतला दिवा कधी मालवतात ते मला पाठ झालंय. झोप तशी येत नाही, पण झोपायला मी आलेच नव्हते.

चंदेरी झाले तेव्हा पाण्याच्या दोन बाटल्या आल्या. सोनेरी झाले आणि हॉटेलच्या लोकांची पाठच वाकली. आदल्या आठवड्यापर्यंत "मॅडम, लिफ्ट तिकडे" म्हणणारा दारवान आता माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत चालत येतो. बाई तीच, लुगडं तेच, गुडघेही तेच. मी त्याला म्हटलं, बाबा, मागच्या आठवड्यात माझे गुडघे जास्त दुखत होते. तो हसला, पण त्याला कळलं नाही. एकदा मला न विचारता मोठी खोली दिली. बसायला वेगळी, झोपायला वेगळी, आणि मी एकटी. त्याच संध्याकाळी खाली एक बाई दोन लेकरं आणि सासू घेऊन एका खोलीत मावत नव्हती, काउंटरवर जास्तीची गादी मागत होती. मी म्हटलं, माझी खोली तिला द्या. तीळवाली म्हणाली, देता येत नाही मॅडम, हा मान तुमचा आहे, दुसऱ्याला जात नाही. मान म्हणे.

तीळवाली वाईट नाही. माझी नजर चुकवते. मला ओळखलंय तिने पहिल्या दिवशीच.

आता मुद्द्याचं. वरच्या मजल्यावर कार्डवाल्यांचा वेगळा नाश्ता असतो. तिथे तुझा सोनेरीवाला भेटला. टक्कल, गोरा, बोलायला गोड. लोणी लावून टोस्ट खात होता. मी साखर मागायच्या निमित्ताने ओळख काढली. यंत्रं विकतो, हृदय तपासायची. ह्यांना ज्या यंत्राखाली निजवलं ते बहुधा त्यानेच विकलं असेल. गप्पा वाढवल्या आणि मे महिन्यावर आणल्या. म्हणाला, मेमध्ये माझ्या कार्डाचं वर्ष संपतं, सोनेरी टिकवायला एक रात्र कमी पडत होती, म्हणून हमखास खोली मागितली. मग हसून म्हणाला, "राहिलो कुठे? माझी मुलगी याच गावात असते. किल्ली घेतली, बॅग ठेवली आणि जेवायला, झोपायला तिच्याकडे गेलो. रात्र मोजली गेली म्हणजे झालं."

टिल्लू, ती खोली रिकामी होती. माझी बॅग खाली आणून, मला पुलापलीकडे धाडून, त्या पलंगावर त्याची बॅग झोपली होती.

मी चहा संपवला आणि उठले. कप फोडला नाही. त्याला मी ह्याच काउंटरवर उभा करणार आहे. त्याची बॅग खाली येईल, वर त्याचं जे काही असेल ते नीट आडवं ठेवलेलं. टॅक्सीत बसेपर्यंत मी समोर उभी राहीन. काळं कार्ड फेब्रुवारीत मिळेल.

आत्या

*

५ डिसेंबर

ती. आत्या,

नमस्कार. दुकान विकलंस? बाबांना मी काय सांगू? ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगतात की अक्का देवदर्शनाला गेली आहे.

त्या माणसाला आता सोडून दे. त्याला काय माहीत त्याच्या खोलीत आधी कोण होतं? त्याने मागितली, हॉटेलने दिली. चूक म्हणायची तर कुणा एकाची नाही.

एक माझं काम आहे. सांगायला वेळ चुकीची आहे, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मला जनरल मॅनेजर करायचं वरच्यांच्या मनात आहे. मुलाखती झाल्या. आमच्याकडे अशा वेळी काळ्या कार्डाच्या पाहुण्यांचं मत विचारात घेतात, आणि तशा पाहुण्याचं पत्र थेट मुख्य ऑफिसात जातं. तुला कार्ड मिळालं की माझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहिशील का? आपण नातेवाईक आहोत हे लिहिलंस तरी चालेल, लपवायची गरज नाही. तुझ्यासारखं मोजकं कुणाला लिहिता येतं?

तुझाच,
टिल्लू

*

१७ मार्च

चि. टिल्लू,

कार्ड आलं. मखमलीच्या डबीत घालून, बरोबर फुलं. हॉटेलचे मोठे साहेब स्वतः खोलीवर येऊन देऊन गेले.

मग डॉक्टरांचं मोठं संमेलन आलं. हॉटेल गच्च भरलेलं, आणि तो टकल्या त्यात यंत्रं दाखवायला येणार हे मला त्याच्याकडूनच कळलं. मी चार दिवस आधी खोली सोडली, गावात एका धर्मशाळेत राहिले, आणि संमेलनाच्या दोन दिवस आधी कळवलं, हमखास खोली हवी. संध्याकाळी हॉटेलात आले. टकल्या लॉबीत सोफ्यावर पेपर वाचत बसला होता. मला बघून हात हलवला. मीही हलवला. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा भूक लागली होती.

तीळवालीने किल्ली पुढे केली. मी म्हटलं, कुणाला उठवलंत? ती म्हणाली, ते तुम्ही कशाला मनावर घेता मॅडम. मी टकल्याकडे बोट दाखवून म्हटलं, त्याची बॅग खाली कधी आणताय? ती गोंधळली. तिला खरंच कळेना मी काय म्हणते आहे. म्हणाली, ते सोनेरीवाले आहेत, त्यांना कसं पाठवणार? कार्डवाल्याला कधीच पाठवत नाहीत. वर कितीही चढा, पाठवतात खालूनच.

खांबाआड एक बाई उभी होती. तिशीची असेल. पायाशी बॅग, त्यावर थर्मास, काखेत हॉस्पिटलची फाइल. टॅक्सीची वाट बघत होती. मी विचारलं, समोर कोण आहे? म्हणाली, मुलगा, उद्या सकाळी ऑपरेशन.

तू मला लिहिलं होतंस, काळ्या कार्डापुढे कुणाचं काही चालत नाही. शब्द न् शब्द खरा. अर्धं खरं सांगून साक्ष फिरवणारे मी खूप टाइप केलेत, घरातला ओळखता आला नाही.

मी किल्ली त्या बाईच्या हातात दिली. तीळवाली म्हणाली, असं देता येत नाही. मी म्हटलं, मग माझ्या सोबतीची पाहुणी म्हणून तिला माझ्या खोलीत लिही, काळ्या कार्डाला सोबतीण फुकट असते, तुमच्याच पुस्तकात आहे. तिने लिहिलं. बाई वर गेली. मग मी तीळवालीला म्हटलं, पोरी, आज सगळ्यात खाली ही होती. मग मे महिन्यात सगळ्यात खाली मी कशी आले?

ती रडायलाच लागली. म्हणाली, तुम्ही कर्मचाऱ्याच्या नातेवाईक, सवलतीच्या दरात होता. पहिलं नाव तुमचंच येतं. पण असं नाव आलं की त्या कर्मचाऱ्याला आधी विचारावं लागतं. त्याने नाही म्हटलं की आम्ही त्या खोलीला हात लावत नाही. आजसुद्धा स्वयंपाक्याची मावशी त्या दरात आहे. त्याला विचारलं, तो सरळ नाही म्हणाला, म्हणून ह्या बाईंवर आलं.

मी विचारलं, माझ्या वेळी कुणाला विचारलं?

"फोन मीच लावला होता मॅडम. तुमचे मिस्टर समोर अ‍ॅडमिट आहेत हेही मी सांगितलं. साहेब म्हणाले, पाठवा तिला. घरचीच आहे, काही बोलायची नाही."

टिल्लू, तू मला बरोबर ओळखलंस. मी काही बोलले नाही.

आणि मग दहा महिने तू मला त्या टकल्याच्या अंगावर सोडलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी. तो हावरा आहे, पण त्याने मागितलेली खोली माझी आहे हे त्याला माहीत नव्हतं. तुला होतं. स्वयंपाक्याने जो एक शब्द खर्च केला तेवढाच तुला करायचा होता.

तू मागितलेले चार चांगले शब्द मी त्याच दिवशी लिहून मुख्य ऑफिसात पाठवले. नक्कल देते, म्हणजे तुला वाटायला नको की आत्याने कमी-जास्त लिहिलं.

"महोदय, मी आपल्या काळ्या कार्डाची मानकरी. ज्या अधिकाऱ्याला आपण बढती देऊ पाहता तो माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा आहे. त्याच्या निष्ठेची मी स्वतः साक्षीदार आहे. गेल्या मे महिन्यात आपल्या एका सोनेरी पाहुण्यासाठी खोली कमी पडली. त्या वेळी माझे पती समोरच्या हॉस्पिटलात अतिशय आजारी होते आणि मी आपल्या हॉटेलात होते. मला राहू द्यायचं की हलवायचं हे सर्वस्वी त्याच्या एका शब्दावर होतं. त्याने क्षणाचाही विलंब न लावता मला हलवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे पती वारले. मी पुलावर होते. कंपनीच्या पाहुण्यापुढे रक्ताचं नातं न बघणारा असा माणूस आपल्याला दुसरा मिळणार नाही. त्याला अवश्य बढती द्यावी."

यात एक तरी शब्द खोटा असेल तर दाखव.

आत्या

*

३० एप्रिल

आत्या,

कार्यक्रम काल झाला. मी आधीच लिहायला हवं होतं, पण धीर झाला नाही. वाटत होतं ते पत्र मुख्य ऑफिसात कुठेतरी पडून राहील.

मला बढती मिळाली. मोठा हॉल, सगळ्या शाखांचे लोक, पुढच्या रांगेत घरची मंडळी. बाबा नवीन कोट घालून आले होते. आमच्या मुख्य साहेबांनी भाषण केलं आणि म्हणाले, निष्ठा कशाला म्हणतात ते मी सांगत नाही, आपल्या एका सन्माननीय पाहुण्यांच्याच शब्दांत ऐका. आणि त्यांनी तुझं पत्र वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांना ते खरोखरच कौतुक वाटलं आत्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मला स्टेजवर हात जोडून उभं राहावं लागलं.

बाबा बसून होते. टाळ्या थांबल्यावर उठले. मी खाली उतरेपर्यंत हॉलबाहेर गेले होते. घरी आलो तर त्यांचं कपाट उघडं होतं. मोबाइल टेबलावर ठेवून गेलेत. ते तुझ्याकडेच आले असणार, दुसरं कोण आहे त्यांना?

मी म्हणालो होतो, घरचीच आहे. नाकारत नाही. त्या हॉटेलचा मॅनेजर माझ्या बढतीच्या मुलाखतीला मंडळावर असणार होता, त्याला नाही म्हणायचं जिवावर आलं. एका रात्रीचा प्रश्न आहे, काकांचं ऑपरेशन झालंय, आत्या समजून घेईल, असं वाटलं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी असं म्हटलं नसतं, ते त्या वेळी मला प्रेमच वाटलं होतं.

माझं काय करायचं ते कर. पण बाबांना समजाव. ते फक्त तुझंच ऐकतात. तुझ्या घरच्या फोनवर लावतोय, कुणी उचलत नाही.

टिल्लू

*

१४ मे

चि. टिल्लू,

तुझा बाप इथेच, माझ्या घरी आहे. एक बॅग घेऊन आला आणि उंबऱ्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, अक्का, मला यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, आत ये. ह्यांना जाऊन परवा वर्ष झालं, दोघांनी मिळून दिवा लावला.

साहेब ते पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवतील, हे मी धरून चालले नव्हते. वाटलं होतं, ऑफिसातल्या कुणीतरी वाचावं आणि तुझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत काहीतरी दिसावं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचं सगळं असंच असतं का रे?

ते तुला प्रेम वाटलं होतं म्हणतोस. वाटलंही असेल. मी त्यावर बरंच डोकं चालवलं आणि सोडून दिलं. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही हलत नाही.

तुझा बाप पहिले आठ दिवस तुझं नाव काढू देत नव्हता. आता राग उतरलाय. बापच तो. संध्याकाळी खुर्ची फोनजवळ ओढून बसतो आणि पेपर चाळतो, पण पानं उलटत नाहीत. तुझा फोन रोज येतो, मला कळतं. तो उठायच्या आत मी उचलते आणि ठेवते. तो विचारतो, "कुणाचा होता गं, अक्का?"

मी सांगते, राँग नंबर.

आत्या